सहीचा धनी कोण?

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, पाताळगंगेच्या काठी आपटा हे गाव आहे. गावाचे नाव आणि दसऱ्याला सोने म्हणून लुटले जाणारे पान एकच. त्या दिवशी आपण ते जोडपान एकमेकांच्या हातावर ठेवतो, ‘सोने घ्या’ म्हणतो, आणि या व्यवहारात कोणीही फसत नाही. कारण हे झाडाचे पान आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. बँकेच्या किंवा कंपनीच्या भागाचा दाखला हाही एक कागदच असतो, पण तिथे घेणाऱ्याला आतले काही दिसत नाही. कर्ज कोणाला दिले, तारण खरे आहे का, जमिनीचा मालक खरोखर तोच आहे का, ताळेबंदात दाखवलेली रक्कम तिजोरीत आहे का, यातले काहीही सामान्य भागधारकाला स्वतः तपासता येत नाही. तो विसंबतो सह्यांवर. लेखापरीक्षकाची सही, मूल्यांकन करणाऱ्याची सही, वकिलाची सही. कागदाला सोन्याचे मोल येते ते या सह्यांमुळे. मग सही खोटी निघाली, किंवा डोळे मिटून केलेली निघाली, तर ती करणाऱ्याने उत्तर कोणाला द्यायचे? फी देणाऱ्या संचालकांना, की त्या सहीच्या भरवशावर पैसा गुंतवलेल्या माणसाला? लेखापरीक्षकाच्या बाबतीत हा प्रश्न आता विचारला जातो. वकिलाच्या बाबतीत तो विचारायला आपण अजून कचरतो. तो विचारला पाहिजे, आणि सहीवर विसंबणाऱ्याला दाद मागण्याचा हक्क मिळाला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

पनवेल तालुक्याला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केल्याचे रिझर्व्ह बँकेने १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केले. त्याआधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, नवी मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने बँकेचे अध्यक्ष आणि माजी आमदार विवेक पाटील यांच्यासह ७६ जणांवर गुन्हा नोंदवला होता. आरोप असा की साठाहून अधिक बनावट कर्जखात्यांतून ५०० कोटी रुपयांहून अधिक पैसा बाहेर काढून अध्यक्षांशी संबंधित संस्थांकडे वळवला गेला. सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, जून २०२१ मध्ये पाटील यांना अटक केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुमारे २३४ कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली. दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरवायचे आहे. पण नुकसान कोणाचे झाले हे ठरवायला न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही. फेब्रुवारी २०२० पासून ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा आहे, आणि त्या विम्यातून सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल असे रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द करताना सांगितले. उरलेल्या पाच टक्क्यांत आयुष्यभराची पुंजी एकाच बँकेत ठेवलेले लोक असतात. आणि भागधारक सभासदाच्या भागाला तर विमा मुळीच नसतो. बँक अवसायनात गेली की आधी ठेवीदार आणि इतर घेणेकरी, आणि काही उरलेच तर शेवटी सभासद. सहकारी बँकेत कर्ज घेणाऱ्याला अनेकदा कर्जाच्या ठरावीक टक्के रकमेचे भाग घ्यावे लागतात, म्हणजे घरासाठी कर्ज काढणारा शिक्षकही तिथे मालक होतो. बँक बुडाली की त्या मालकीतून त्याच्या हाती काही उरत नाही.

बनावट कर्जखाते एका माणसाकडून एका दुपारी तयार होत नाही. जमिनीच्या तारणावर दिल्या जाणाऱ्या कोणत्याही कर्जाचा प्रवास पाहा. अर्ज येतो, त्याला सातबारा आणि फेरफार जोडलेले असतात. बँकेच्या पॅनेलवरचा वकील दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन साधारण तीस वर्षांचा शोध घेतो, सूची क्रमांक दोनच्या नोंदी पाहतो, जमिनीवर आधीचा कोणाचा बोजा आहे का, वारसांपैकी कोणी राहून गेले आहे का हे तपासतो आणि सर्च रिपोर्ट देतो. मालकी निर्वेध आहे, तारण घेण्यास हरकत नाही, असे तो लिहून सही करतो. मूल्यांकनकार किंमत ठरवतो. गहाणखत होते, सातबाऱ्यावर बोजा चढतो, पैसे सुटतात. वर्षअखेरीस लेखापरीक्षक येतो आणि त्याच फायलीतल्या त्याच सर्च रिपोर्टवर विसंबून कर्ज सुरक्षित असल्याचे मानतो. म्हणजे साखळीतली प्रत्येक सही आधीच्या सहीवर उभी असते आणि तळाशी वकिलाची सही असते. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली तेव्हापासून आजच्या विमानतळापर्यंत या तालुक्याने पन्नासहून अधिक वर्षे शेतजमिनीचे रूपांतर मोबदल्यात, भूखंडात आणि संपादनाच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के जमिनीच्या हक्कात होताना पाहिले आहे. इथे वकिलाचा सर्च रिपोर्ट नोटेसारखा हातोहात फिरतो. तो फक्त बँकेच्या व्यवस्थापकासाठी लिहिलेला नसतो. पुढे त्याच्यावर कोणकोण विसंबणार आहे हे तो लिहिणाऱ्याला पूर्णपणे माहीत असते.

तरीही भागधारकाने त्या वकिलावर दावा लावायचे म्हटले की पहिली भिंत आडवी येते ती जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची. इंग्लंडमध्ये १८४३ साली फॉस विरुद्ध हार्बॉटल या खटल्यात न्यायालयाने म्हटले की कंपनीचे नुकसान झाले तर दाद कंपनीने मागायची, एकट्यादुकट्या भागधारकाने नाही. तर्क चुकीचा नव्हता. हजार भागधारकांनी एकाच नुकसानीसाठी हजार दावे लावले तर कंपनीही टिकणार नाही आणि न्यायालयही. आपल्या न्यायालयांनीही तो नियम स्वीकारला. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे कंपनी चालवणारे लोक कंपनीच्या हिताचे रक्षण करतील. लूट करणारेच कंपनी चालवत असतील तर कंपनीच्या नावाने दावा कोण लावणार? आपल्याला सही करून देणाऱ्या वकिलाला न्यायालयात खेचायचा ठराव कोणते संचालक मंडळ करील? कुंपणच शेत खात असेल तर शेताच्या मालकाला आत शिरण्याची वाट हवी. ती वाट नसेल तर नियम कितीही तर्कशुद्ध असो, त्याचा लाभ चोरालाच होतो.

भारतात ही वाट उघडली ती सत्यम प्रकरणानंतर. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार चाळीस कोटींची रोकड आणि बँकेतली शिल्लक अस्तित्वातच नाही. या कंपनीचे भाग अमेरिकेतही विकले गेले होते. तिथल्या भागधारकांनी एकत्रितपणे दावा केला आणि २०११ मध्ये तडजोडीतून कंपनीकडून साडेबारा कोटी डॉलर आणि लेखापरीक्षक प्राइस वॉटरहाऊस यांच्याकडून अडीच कोटींहून थोडे अधिक डॉलर मिळवले. त्याच कंपनीचे भाग बाळगणाऱ्या भारतीय गुंतवणूकदारांनी ग्राहक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटपट केली, पण एकत्र येऊन भरपाई मागण्याची सोयच आपल्या कायद्यात नव्हती. एकाच फसवणुकीचे दोन बळी, पण एकाला भरपाई आणि दुसऱ्याला हात हलवत परतणे. या लाजिरवाण्या तफावतीतून २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम २४५ आले आणि जून २०१६ पासून लागू झाले. त्यानुसार शंभर सभासद, किंवा एकूण सभासदांपैकी पाच टक्के, यांतला जो आकडा लहान असेल तेवढे लोक एकत्र येऊन राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे दाद मागू शकतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत दोन टक्के भागभांडवल बाळगणारेही तसे करू शकतात. या कलमाचे खरे सामर्थ्य त्याने केलेल्या यादीत आहे. भरपाई कोणाकडून मागता येईल? कंपनी आणि संचालक, लेखापरीक्षक आणि त्याची संस्था, आणि शेवटी कोणताही तज्ज्ञ, सल्लागार किंवा अन्य व्यक्ती, ज्याने चुकीचे वा दिशाभूल करणारे विधान केले किंवा फसवणुकीचे, बेकायदा, गैर कृत्य केले. ‘वकील’ हा शब्द त्यात नाही, पण ‘सल्लागार’ आहे, आणि कंपनीचा कायदेशीर सल्लागार त्यात बसत नाही असे म्हणायला वाव नाही. फॉस विरुद्ध हार्बॉटलची भिंत इथे प्रथमच रुंद दाराने फोडली गेली.

पण हे दार कर्नाळ्याच्या सभासदासाठी नाही. याच कलमाच्या शेवटी एक ओळ आहे: यातले काहीही बँकिंग कंपनीला लागू होणार नाही. सहकारी बँक तर कंपनीच नाही, त्यामुळे ती मुळातच या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. तिला १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम लागू. त्याच्या कलम ८८ खाली संस्थेच्या पैशाचा अपहार झाल्यास नुकसानभरपाई निश्चित करण्याची चौकशी होते, पण ती संस्थेच्या उभारणीत किंवा व्यवस्थापनात भाग घेतलेल्यांची आणि अधिकाऱ्यांची. बाहेरून अभिप्राय देणारा वकील त्यात येत नाही. परिणाम कसा होतो पाहा. आपट्यातल्या एखाद्या माणसाकडे रसायनी-पाताळगंगा पट्ट्यातल्या नोंदणीकृत कंपनीचे दहा भाग आहेत आणि सहकारी बँकेचेही भाग आहेत, असे समजा. कंपनीच्या सल्लागाराने फसवणुकीला हातभार लावला तर नव्याण्णव जणांना सोबत घेऊन तो त्याला न्यायाधिकरणापुढे उभे करू शकतो. बँकेच्या सल्लागाराने तेच केले तर करू शकत नाही. कंपनीत त्याने बचतीचा लहानसा तुकडा गुंतवलेला असतो, बँकेत सगळी बचत असते. जिथे धोका मोठा तिथे कायद्याचे संरक्षण लहान, असे हे उलटे गणित आहे.

उरलेले मार्ग तपासले तर तेही अरुंद निघतात. डॉक्टर ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले. वकिलांबाबत मात्र १४ मे २०२४ रोजी त्याच न्यायालयाने उलट निर्णय दिला. वकिली हा व्यवसाय वेगळ्या प्रकारचा आहे, वकील पक्षकाराच्या थेट नियंत्रणाखाली काम करतो, म्हणून त्याच्या सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येणार नाही. दिवाणी दाव्याचा रस्ता उघडा आहे. वकील आहे एवढ्याच कारणाने निष्काळजीपणाच्या दाव्यातून कोणाला सूट मिळणार नाही, असे १९२६ सालचा वकिलांच्या फीविषयीचा कायदा सांगतो. पण तो दावा लावायचा पक्षकाराने, म्हणजे पुन्हा बँकेनेच. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. कौन्सिल ताकीद देऊ शकते, सनद काही काळ थांबवू शकते, काढूनही घेऊ शकते, पण बुडालेल्या माणसाला एक रुपयाही मिळवून देऊ शकत नाही. लेखापरीक्षकाशी तुलना केली की ही पोकळी अधिक ठळक होते. कंपनीच्या लेखापरीक्षकाला मोठी फसवणूक आढळली तर सरकारला कळवणे बंधनकारक आहे आणि २०१८ पासून त्याच्यावर देखरेख करणारे स्वतंत्र प्राधिकरण आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या २०१९ च्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी बँकेच्या लेखापरीक्षकांना अटकही केली. आकडा लपला की जबाबदार कोण हे आपण ठरवले आहे. मालकी हक्क लपला की जबाबदार कोण, हे ठरवायचे राहिले आहे.

यावर वकील मंडळींचा पहिला आक्षेप असा की वकिलाचे कर्तव्य पक्षकाराशी. पक्षकार म्हणजे बँक किंवा कंपनी. भागधारकाशी त्याचे ना करारपत्र, ना फीचा संबंध. न्यायालयात बाजू मांडण्यापुरता हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. समोरच्या पक्षाचे नुकसान झाले म्हणून वकिलाला धरता येणार नाही, येता कामा नये. पण पक्षकार कंपनी आहे हे एकदा मान्य केले की त्यातूनच पुढची गोष्ट निघते. संचालक म्हणजे कंपनी नव्हे. संचालक कंपनीला लुटत असताना वकील त्यांना कागदपत्रे करून देत असेल, तर तो आपल्या पक्षकाराची सेवा करत नसून पक्षकाराच्या घरात शिरलेल्यांना शिडी धरून देत आहे. अमेरिकेत लिंकन सेव्हिंग्ज ही बचत संस्था १९८९ मध्ये बुडाली. तिच्या मूळ कंपनीचे रोखे संस्थेच्याच शाखांमधून कॅलिफोर्नियातल्या हजारो ठेवीदारांना, त्यात असंख्य वृद्धांना, विकले गेले होते. पुढच्या वर्षी त्या प्रकरणाचा निकाल देताना न्यायाधीश स्टॅन्ली स्पॉर्किन यांनी विचारले की हे सगळे चालले होते तेव्हा हिशेबनीस आणि वकील होते कुठे. प्रश्न हवेत विरला नाही. के शोलर या वकील संस्थेने १९९२ मध्ये सरकारी नियामकाला चार कोटी दहा लाख डॉलर दिले, आणि जोन्स डे या दुसऱ्या संस्थेने रोखेधारकांच्या दाव्यात दोन कोटी चाळीस लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्या रोखेधारकांचाही या वकिलांशी कोणता करार नव्हता. संबंध होता तो एवढाच की वकिलांच्या कामाच्या आधारावर रोखे विकले गेले होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला घाईने उत्तर देणे योग्य नाही. वकिलाला सल्ल्याबद्दल तिसऱ्या माणसापुढे उभे करायला लागलो तर तो निर्भयपणे सल्ला देणार नाही, पक्षकार त्याच्याशी मोकळेपणाने बोलणार नाही, आणि सत्तेविरुद्ध उभे राहणाऱ्या वकिलांना छळण्याचे नवे हत्यार तयार होईल. ही भीती खोटी नाही. २०२५ च्या जूनमध्ये एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांना द्यायच्या भागांविषयी दिलेल्या कायदेशीर अभिप्रायावरून ईडीने दोन ज्येष्ठ वकिलांना चौकशीला बोलावले. देशभरातल्या वकील संघटनांनी निषेध केला, समन्स मागे घ्यावी लागली, आणि त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना अशा रीतीने बोलावण्यावर कडक मर्यादा घातल्या. त्या निकालाचे मी स्वागत करतो. पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये पक्षकार आणि वकील यांच्यातल्या गुप्ततेला एक अपवाद आहे: बेकायदा हेतू साधण्यासाठी झालेला संवाद, आणि वकिलाच्या लक्षात आलेला गुन्हा वा फसवणूक, यांना गुप्ततेचे कवच नाही. शिवाय इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. बंद दाराआड दिलेला सल्ला ही एक गोष्ट आणि फायलीत लावण्यासाठी, इतरांना दाखवण्यासाठी दिलेला दाखला ही दुसरी. सर्च रिपोर्ट गुप्त नसतो. तो दाखवण्यासाठीच असतो. जो कागद जगाला दाखवायचा म्हणून लिहिला, त्याबद्दल जगाने प्रश्न विचारला तर गुप्ततेचा भंग होत नाही. मी जी जबाबदारी मागतो आहे ती या दुसऱ्या प्रकारच्या कागदापुरतीच.

तिसरा आक्षेप प्रामाणिक चुकीविषयी आहे. निबंधकाच्या कचेरीतली जुनी पाने फाटलेली असतात, नोंदी राहून जातात, बनावट दस्त इतके बेमालूम असतात की तरबेज नजरही फसते. नंतर शहाणपण सर्वांनाच सुचते. हे खरे आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने याची दखल २०१२ मध्येच घेतली आहे. हैदराबादमधल्या विजया बँकेच्या गृहकर्ज घोटाळ्यात पॅनेलवरील वकील के. नारायण राव यांच्याविरुद्ध सीबीआयने आरोपपत्र दाखल केले होते. न्यायालयाने म्हटले की अभिप्राय चुकला म्हणून वकील गुन्हेगार ठरत नाही. फसवणुकीच्या कटात त्याचा सक्रिय सहभाग दिसला तरच फौजदारी जबाबदारी येते. निष्काळजीपणा असेल तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा किंवा भरपाईचा विषय. ही रेषा मला योग्य वाटते. पण रेषेच्या अलीकडे, म्हणजे निष्काळजीपणाच्या बाजूला, भरपाई मागू शकणारा कोणी नसेल तर ती रेषा अर्धीच राहते. उलट टोकाला गेले की काय होते तेही पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्कची रेफको ही दलाली संस्था २००५ मध्ये भाग विक्रीला काढून दोनच महिन्यांत कोसळली. बुडीत येणी लपवण्यासाठी दर हिशेबी कालावधीच्या शेवटी फिरवाफिरवीची कर्जे दाखवली जात, आणि त्यांची कागदपत्रे कंपनीच्या बाहेरच्या वकिलांनी तयार केली होती. त्यांतला मुख्य वकील फौजदारी खटल्यात दोषी ठरला. गुंतवणूकदारांचा दावा मात्र २०१० मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला, कारण खोटी विधाने त्या वकील संस्थेच्या नावाने जाहीर झाली नव्हती. पडद्यामागे राहिल्याने भरपाईतून सुटका मिळते, असाच धडा त्यातून निघाला. प्रामाणिक चूक वाचवायची आणि जाणूनबुजून केलेली मदत पडद्याआड जाऊ द्यायची नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे अवघड आहे, पण अशक्य नाही. वकिलाने केलेल्या शोधाच्या टिपणी, पावत्या आणि पाहिलेल्या नोंदींची यादी जपून ठेवली असेल तर प्रामाणिकपणा सिद्ध करायला त्याला दुसरा पुरावा लागणार नाही.

चौथे म्हणणे असे की फौजदारी कायदा आहे, ईडी आहे, मग आणखी दावे कशाला? कारण शिक्षा आणि भरपाई या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. फौजदारी खटल्यात दोष संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, आणि तसा तो करावाच लागला पाहिजे. भरपाईच्या दाव्यात शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढे पुरते. जो तुरुंगात जाण्याइतका दोषी नाही पण ज्याच्या बेपर्वाईने लोक बुडाले, अशा माणसासाठी फौजदारी कायद्यात जागाच नाही. आणि अशीच माणसे अधिक असतात. फसवणुकीचा सूत्रधार एकच असतो, पण ‘वरून सांगितले’ म्हणून सह्या करणारे बरेच. त्यांना तुरुंगाची धास्ती नसते, कारण आपण कटात नाही हे त्यांना ठाऊक असते. आपल्या सहीचा हिशेब पुढे कोणीतरी मागू शकतो, ही जाणीव असेल तर त्यांच्यातल्या एकाला तरी ‘मूळ कागद दाखवा, मगच सही करतो’ असे म्हणायचे धैर्य मिळेल. संचालकांचा दबाव असताना नकार देणाऱ्या वकिलालाही हाच कायदा आधार देईल. ‘माझी तयारी आहे, पण कायद्याने मी बांधलेला आहे’ असे तो सांगू शकेल. जबाबदारीमुळे प्रामाणिक वकील दुबळा होतो असे मानणे मला पटत नाही. तीच त्याची ढाल आहे.

बँकांना कलम २४५ मधून वगळण्यामागे एक कारण असू शकते, आणि ते हलके नाही. बँक विश्वासावर चालते. ठेवीदारांनी दावा लावल्याची बातमी फुटली तरी दारात रांग लागेल आणि धडधाकट बँकही आडवी होईल. पण या कारणाने बँकेवरचे दावे रोखता येतील, बँकेच्या सल्लागारावरचे नाही. आणि तीही भीती वाटत असेल तर वेळ ठरवून देता येईल. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातल्यानंतर किंवा परवाना रद्द केल्यानंतरच असा दावा लावता येईल, अशी अट घाला. तेव्हा गमवायचा विश्वास उरलेलाच नसतो, उरते ती फक्त वसुली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८८ मध्ये, संस्थेला दाखला देताना ज्याने जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणे चुकीचे विधान केले अशा बाहेरच्या व्यावसायिकाचा समावेश करता येईल. खोडसाळ दाव्यांचे काय? कंपनी कायद्याने त्याचेही उत्तर आधीच दिले आहे. निराधार अर्जाबद्दल एक लाखापर्यंत खर्च अर्जदारावर बसवता येतो. तेच इथे करा. दावा चालवायला पैसा कुठून आणायचा? कंपन्यांच्या भागधारकांसाठी गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीतून अशा दाव्यांचा खर्च भरून देण्याची तरतूद कायद्यात आहे. दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीत जमा होतात, त्यातून सहकारी बँकेच्या बुडालेल्या सभासदांसाठी तशीच सोय व्हावी. आणि वकिलांनी व्यावसायिक जबाबदारीचा विमा घेणे पॅनेलवर येण्याची अट असावी, म्हणजे एका चुकीने कोणाचे घर विकले जाणार नाही आणि भरपाईही कागदावर राहणार नाही.

कायदा बदलायला वेळ लागेल. पण एक गोष्ट सभासदांच्या हातात आजही आहे. बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा भरते तेव्हा बहुतेक जण अहवालाची शेवटची पाने उलटतात, लाभांश किती ते पाहतात आणि हात वर करून ठराव मंजूर करतात. यंदा त्यांनी एवढेच विचारावे: आपल्या पॅनेलवर कोणते वकील आहेत, त्यांची निवड कोणी केली, थकलेल्या मोठ्या कर्जांचे सर्च रिपोर्ट कोणाचे होते, आणि ते देताना ‘या अहवालावर संस्था आणि तिचे सभासद विसंबू शकतात’ असे वाक्य त्यात होते का. ते वाक्य लिहायला जो वकील तयार आहे त्याला पॅनेलवर ठेवा, जो तयार नाही त्याला कारण विचारा. दसऱ्याला आपट्याच्या पानाला सोने म्हणण्यात गोडवा आहे, कारण ते पान आहे हे कोणी लपवत नाही. ज्या कागदाच्या जोरावर माणसे आपली कमाई दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवतात, त्या कागदाखाली सही करणाऱ्यानेही आपण काय पाहिले आणि काय पाहिले नाही हे त्याच मोकळेपणाने सांगावे, आणि सांगितलेले खोटे निघाले तर त्या माणसांपुढे उभे राहावे. सहीचा धनी फी देणारा नव्हे, तिच्यावर विसंबणारा आहे.